पडद्यावरील खेळात मोजतो कोण?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शालापूर्व वयाच्या मुलांसाठी मोबाइलवरील शैक्षणिक खेळांचा उपयोग करावा की न करावा, आणि करावयाचा झाल्यास कोणत्या रीतीने, ह्या विषयावर मी आपणांपुढे बोलावे, अशी परिषदेच्या चालकांची सूचना आहे. विषय नवा दिसतो खरा. परंतु ज्याच्या शाळेच्या आवारात तो येऊन पोहोचला नाही असा शिक्षक येथे क्वचितच असेल. शेतावरून दमून आलेली आई चुलीपुढे बसते, लहानगे रडू लागते, कोणीतरी त्याच्या हाती मोबाइल देते आणि घर शांत होते. आपण बोलाविले असो वा नसो, हे यंत्र कित्येक मुलांचे पहिले गुरुजी होऊन बसले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून एकत्र मानली. त्यामुळे अंगणवाडीतील मूल आता आपल्याही विचाराचा भाग झाले आहे. ह्या पहिल्या गुरुजींशी आपला परिचय असणे म्हणूनच प्राप्त आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. एका पावसाळ्यात मी एका शाळेस भेट देण्यास गेलो होतो. आवारातच अंगणवाडी होती. तेथे साडेचार वर्षांची एक मुलगी थोरल्या भावाच्या मोबाइलवर अंकांचा खेळ खेळत होती. यंत्रातून 'तीन' असा आवाज येई, पडद्यावर तीन फुगे उडत, मुलगी खालच्या अंकांपैकी तीनवर अचूक बोट ठेवी आणि टाळ्यांचा कडकडाट होई. दहापर्यंत एकही चूक नाही. सेविकाताईंना तिचे मोठे कौतुक, आणि खरे सांगावयाचे तर मलाही वाटले. इतक्यात खाऊची वेळ झाली. ताई तिला म्हणाल्या, "जा गं बाळ, तुम्हां चौघींना चार वाट्या घेऊन ये." मुलगी धावत गेली आणि छातीशी कवटाळता येतील तेवढ्या वाट्या घेऊन आली. "किती आणल्यास?" असे विचारता तिने एकदा ताईंच्या तोंडाकडे, एकदा भावाच्या हातातील मोबाइलकडे पाहिले आणि म्हणाली, "लई."

आम्ही हसलो, परंतु परत येताना वाटेत तो शब्द माझ्या मनातून जाईना. मुलगी मंद नव्हती, चांगली चुणचुणीत होती. खेळाने जे तिच्याकडून मागितले ते ती उत्तम शिकली होती. एक ध्वनी ऐकावा आणि त्या ध्वनीची आकृती ओळखावी, एवढेच तो खेळ मागत होता. फुगे मोजण्याचे काम यंत्राने स्वतःकडे ठेविले होते. एकेक फुगा उडे तसा अंक यंत्रच उच्चारी, थांबावयाचे कोठे तेही यंत्रच ठरवी. मुलीच्या वाट्यास बोट तेवढे आले होते. त्या दिवसापासून कोणताही असा खेळ हाती आला की मी एकच प्रश्न विचारतो : ह्यात मोजतो कोण, मूल की यंत्र? आज मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक सर्व ह्या प्रश्नात येते.

आता लहान मूल पडद्यावरून शिकते तरी का, हे पाहू. अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल ह्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सुमारे नऊ महिन्यांची बालके त्यांनी घेतली. काही बालकांशी चिनी भाषिक व्यक्ती समोर बसून बारा वेळा बोलल्या व खेळल्या; दुसऱ्या काहींस तेच बोलणे पडद्यावर दाखविले. समोर बसून ऐकणारी बालके चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. पडदा पाहणारी काहीच शिकली नाहीत. शब्द तेच, चेहरे तेच, पण फळ शून्य. ह्याच्या जोडीला २०१४ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग ठेवावयास हवा. त्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकविले होते. समोरासमोर शिकविले तेव्हा मुले शिकली. दूर बसलेली व्यक्ती पडद्यावर दिसत होती, परंतु मुलाचे ऐकून उत्तर देत होती, तेव्हाही ती शिकली. आधी चित्रित करून ठेवलेले बोलणे ऐकविले तेव्हा मात्र शिकली नाहीत. ह्यावरून दोष काचेचा नसून उत्तर न देण्याचा आहे, असे मला वाटते. आपण बोलल्यावर समोरच्याने आपल्यालाच उत्तर द्यावे, ही त्या वयाच्या शिकण्याची अटच दिसते.

खेळ हा चित्रपट आणि माणूस ह्यांच्या मधोमध उभा आहे. चित्रपटाला मुलाचे अस्तित्वच ठाऊक नसते. खेळ निदान बोटाला उत्तर देतो. म्हणून नुसती गाणी पाहत बसण्यापेक्षा चांगला खेळ बरा, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तो उत्तर देतो ते बोटाला. मूल काय बोलले, त्याच्या मनात काय गोंधळ झाला, हे त्याला कळत नाही. ती उणीव भरून काढणारे माणूस शेजारी बसले तरच खेळाचे शिक्षण होते. मर्यादेविषयीही येथेच सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांस पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसवू नये. कमी तितके चांगले. घरी हा तास बहुधा संपलेलाच असतो. तेव्हा अंगणवाडीच्या वाट्यास दहा मिनिटे उरतात असे धरून चालावे.

आता ज्या प्रयोगाने माझे डोळे उघडले त्याकडे वळतो. अमेरिकेतच पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी ह्यांनी गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक अगदी साधा पट केला. एका ओळीत दहा घरे, त्यांत एक ते दहा अंक. एक किंवा दोन एवढेच दान पडे आणि मूल सोंगटी तितकी घरे पुढे नेई. दुसऱ्या मुलांना तसाच पट दिला, पण त्यावर अंकांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या, इतकेच. २००८ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष असा की, अंकांच्या पटावर खेळलेली मुले मोजण्यात, अंक ओळखण्यात आणि कोणती संख्या मोठी हे सांगण्यात पुढे गेली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती प्रगती टिकून होती. रंगांच्या पटावरील मुलांत असा फरक पडला नाही. एक पुठ्ठा आणि एक सोंगटी, ह्यांपलीकडे खर्च नव्हता!

ह्या खेळाचे मर्म एका बारीक नियमात आहे. सोंगटी चारच्या घरात असून दान दोनचे पडले, तर मुलाने "एक, दोन" असे म्हणावयाचे नाही. "पाच, सहा" असे घरांचे अंक म्हणत पुढे जावयाचे. "एक, दोन" म्हणणारे मूल फक्त दान फेडते; "पाच, सहा" म्हणणाऱ्या मुलाला चारच्या पुढे काय येते, सहा हे चारपासून किती लांब आहे, आपला हात किती सरकला, हे सारे एकाच वेळी कळते. तोंड, डोळा आणि हात तिन्ही एक होतात. पुढे ह्याच संशोधकांपैकी सीग्लर ह्यांनी एका सहकारी विदुषीबरोबर शंभर घरांचा पट घेऊन पाहिले, तेव्हाही असे पुढचे अंक म्हणण्याच्या रीतीनेच मुले शिकली. आपल्याकडे सापशिडी घरोघर आहे, आणि तिचे मूळ आपल्याच मोक्षपटात आहे, ह्याचा आपणांस अभिमानही वाटतो. तो रास्त आहे. परंतु चार वर्षांच्या मुलाला ती देऊ नये. तिच्या ओळी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जातात, आणि नुकती कोठे अंकांची ओळ जुळू लागलेल्या मुलाची ती मोडून टाकतात. आधी दहा घरांची सरळ पट्टी, साप मागाहून.

सर्व खेळ सर्व काही शिकवितात, अशी भाबडी समजूत मात्र नको. दिल्लीतील वस्त्यांत 'प्रथम' संस्थेच्या २१४ बालशाळांतील १५४० मुलांबरोबर झालेला एक मोठा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एलिझाबेथ स्पेल्के व एस्थर डुफ्लो ह्यांच्यासारख्या नामवंत विदुषी त्यात होत्या. तेथे मोबाइल नव्हता. ठिपक्यांचे आणि आकृत्यांचे पत्ते घेऊन कोणता समूह मोठा हे ओळखण्याचे खेळ होते. मुलांची ही जाण वाढली आणि वर्षानंतरही टिकली. परंतु हीच मुले पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या गणितात इतरांपेक्षा पुढे आढळली नाहीत. ठिपके कळणे एक, आणि पाटीवरील अंक कळणे दुसरे. ह्या दोहोंमधला पूल आपोआप बांधला जात नाही. तो बांधणाऱ्याचे नाव शिक्षक.

आता मोबाइलवरील खेळ निवडावयाचा कसा? बाजारात ते इतके आहेत की मोजदाद नाही, आणि 'शैक्षणिक' हे विशेषण लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. उदाहरणासाठी 'जीकॉम्प्री' हा संच घेतो. फ्रान्समध्ये २००० साली त्याचा आरंभ झाला. फ्रेंच भाषेत त्या नावाचा उच्चार 'मला समजले' ह्या वाक्यासारखा होतो. तो विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचून चालतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक खेळ आहेत. परंतु एकाच संचातील खेळही सारख्या गुणाचे नसतात. एका खेळात पडद्यावर फळे विखुरलेली असतात. मुलाने ती बोटाने सरकवून हवी तशी रचावयाची, मोजावयाची आणि संख्या भरावयाची. येथे यंत्र मोजून दाखवीत नाही, घाईही करीत नाही. मूल केळी एकीकडे व संत्री एकीकडे करू लागते, म्हणजे मोजण्यापूर्वी मांडण्याची बुद्धी त्याला सुचते. हा खेळ मी निःशंकपणे देईन. दुसऱ्या खेळात वरून फासे पडत असतात आणि ते जमिनीस लागण्यापूर्वी ठिपक्यांची संख्या दाबावी लागते. ज्याला मोजणे पक्के आले आहे त्याला त्यात गंमत आहे. जे मूल अजून बोट ठेवून मोजते त्याला हा खेळ अंदाजाने बटणे दाबावयास शिकवील. हा नंतर द्यावा.

अंकांच्या आकृतीचा एक घोटाळाही ध्यानात ठेवावयास हवा, कारण शहरी तज्ज्ञांच्या लक्षात तो येत नाही. बहुतेक खेळांत अंक इंग्रजी असतात आणि आपल्या भिंतीवर देवनागरी. आपला एक आणि इंग्रजी नऊ ह्यांची आकृती जवळजवळ सारखी आहे. पडद्यावर नऊ फुग्यांखाली जे चिन्ह पाहिले तेच चिन्ह भिंतीवर एका आंब्याखाली दिसले, तर मुलाने काय समजावे? अशा वेळी मूल चुकले असे आपण म्हणतो. आरंभीच्या महिन्यांत पाचच्या पुढचे इंग्रजी अंक असलेला खेळ मी देत नाही. दिलाच तर दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहिलेली पट्टी समोर ठेवतो.

प्रत्यक्ष रीत सांगतो. एका वेळी चारच मुले घ्यावीत. त्यांच्यापुढे दहा घरांची पट्टी आणि चिंचोके असावेत. एक चिंचोका फोडून त्याचा अर्धा भाग फासा म्हणून घ्यावा. पांढरी बाजू पडली तर एक, काळी पडली तर दोन. प्रथम दोन डाव पट्टीवर खेळावे. मग मोबाइल पाटावर मधोमध ठेवावा, कोणाच्याही हाती देऊ नये. इंटरनेट बंद करावे, म्हणजे जाहिरातीही येणार नाहीत आणि भलत्या ठिकाणी बोट पडून पैसेही जाणार नाहीत. शिक्षकाच्या मोबाइलवर त्याच क्षणी 'माहिती तातडीने सादर करावी' असा संदेश येण्याचे जे भय असते, तेही टळते! त्यानंतर आवाज बंद करावा. ही सूचना काहींस विचित्र वाटेल, परंतु ह्या रीतीचा प्राण तीच आहे. यंत्र मुके झाले की अंक मुलांनाच उच्चारावे लागतात, आणि ते त्यांच्या घरच्या बोलीत उच्चारले जातात. अहिराणी बोलणारे मूल अहिराणीत मोजील, वारली मूल वारलीत मोजील. बोट एकाचे, मोजणे इतर तिघांचे. दर फेरीस पाळी बदलावी. बोट ठेवण्यापूर्वी विचारावे, "किती असतील रे?" आणि थांबावे. चूक झाली की यंत्र मोडते चित्र दाखविते. आपण मात्र "पुन्हा मोजून पाहू या" एवढेच म्हणावे. दहा मिनिटांनी मोबाइल झाकून पडद्यावर जितकी फळे होती तितके चिंचोके पट्टीवर मांडावयास सांगावे. मांडता आले, तर खेळाचे काम झाले. न आले, तर उद्या मोबाइल काढू नये, चिंचोकेच घ्यावेत.

ही रीत काही माझी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात आणणार कशी, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने घेतली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. मोबाइल हेही परदेशी साधनच आहे. त्याला अंगणात कोणत्या जागी बसवावयाचे ते आपण ठरवावयाचे आहे.

आता ज्या मुलांसाठी मला हा विषय जवळचा वाटतो त्यांच्याविषयी बोलतो. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ह्या काळात मुलाची अंगणवाडी सुटते, आजी सुटते, पाटी घरी राहते. मोबाइल मात्र बरोबर जातो. आई-बाप पहाटे फडात, मूल कोपीत, आणि त्याच्या हाती ते यंत्र. तेथे वर सांगितलेली रीत चालविण्यास कोणी नसते. प्रथम मीही चूक केली. निघण्यापूर्वी पालकांच्या मोबाइलवर सहा उत्तम खेळ घालून दिले आणि कर्तव्य केले असे मानले. मुले परत आली तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलवर एकही खेळ शिल्लक नव्हता; थोरल्या भावांनी जागा हवी म्हणून ते काढून टाकले होते. ज्यांच्याकडे होते त्यांच्यापैकी एकाने सारे टप्पे पार केले होते, आणि त्याला मी सात चिंचोके मागितले तर त्याने मूठभर दिले.

पुढील वर्षी आम्ही एकच खेळ दिला आणि त्याबरोबर एक पिशवी दिली. पिशवीत जुन्या कापडाची दहा घरांची पट्टी, पंधरा चिंचोके आणि एक अर्धा चिंचोका. आईला समोर बसवून एकदा डाव खेळून दाखविला. तिला अक्षरओळख नव्हती, परंतु भाकऱ्या, मोळ्या आणि उचल ह्यांचा हिशेब ती आपल्यापेक्षा चोख करीत होती. तिला एवढेच सांगितले की रात्री भाकरी वाढताना मुलाला मोजू द्यावे, आणि मध्येच आकडा सांगू नये. शिवाय सेविकाताईंनी दर रविवारी संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर मुलाशी पाच मिनिटे समोरासमोर बोलावयाचे ठरविले : "आज पट्टीवर कुठपर्यंत गेलास? दाखव बरं." मघाशी मी २०१४ सालचा प्रयोग सांगितला तो ह्यासाठीच. तो ह्याहून लहान मुलांवरचा होता, हे खरे. तथापि ऐकून उत्तर देणारे माणूस पडद्यावरही उपयोगी पडते, हे त्यातून दिसले होते, आणि फडात दुसरा इलाजही नव्हता. कित्येक रविवार चुकले. कोठे संपर्क लागेना, कोठे फड दुसऱ्या गावी हललेला असे. सर्व मुलांचे भले झाले असे मी म्हणणार नाही. परंतु चैत्रात परतलेल्या एका मुलाने शाळेच्या पायरीवर बसून मला न विचारताच आपली पट्टी पसरली. कापड उसाच्या चिकाने काळे झाले होते, दोन घरांचे अंक पुसले गेले होते, आणि त्या पुसलेल्या घरांवरून जाताना तो न अडखळता "सात, आठ" म्हणत गेला.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या अंगणवाडीतील दोन मुलांची नोंद आणावी. 'पाच वाट्या आण' असे सांगितल्यावर मुलाने काय केले, तेवढेच महिन्याच्या आरंभी व अखेरीस लिहावे; खेळात किती गुण मिळाले ते लिहू नये. कापडी पट्ट्यांचे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. संख्या थोडी आहे, म्हणून दोन शाळांनी मिळून एक न्यावी आणि गावातील शिंप्याकडून उरलेल्या तुकड्यांच्या आणखी शिवून घ्याव्यात. ज्या गावांतून कुटुंबे स्थलांतर करतात तेथील गुरुजींनी दिवाळीच्या सुटीपूर्वी पिशव्या तयार ठेवाव्यात, कारण मुकादमाची गाडी आली की मग निरोपासही वेळ मिळत नाही.